आपल्या हाताने गुंडाळलेला घास : लहान मुलांसोबत घरची तेमाकीझुशी

जपानी घरात सुट्टीच्या दिवशी सुशी, म्हणजे सिरका घातलेल्या भाताचा पदार्थ, असते तेव्हा ती बहुतेक वेळा कोणी एकाने करून वाढलेली नसते. मध्यभागी भाताचे भांडे, शेजारी नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, कापलेली पाने आणि भोवती सात-आठ बशा मांडलेल्या असतात, आणि प्रत्येकाने आपला घास आपल्याच हाताने गुंडाळून खायचा असतो. या प्रकाराला तेमाकीझुशी म्हणतात. ‘ते’ म्हणजे हात आणि ‘माकी’ म्हणजे गुंडाळी. सुशी हा शब्द दुसऱ्या शब्दाला जोडून आला की त्याचा उच्चार ‘झुशी’ होतो. उपाहारगृहातील सुशीमागे कारागिराची अनेक वर्षांची उमेदवारी असते, तिची येथे गरज नाही. बांबूची चटई लागत नाही, खास सुरी लागत नाही आणि कच्चा मासाही लागत नाही. लहान मुले असलेल्या घरासाठी यापेक्षा सोयीचे जपानी जेवण मला तरी ठाऊक नाही.

आम्ही टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई येथे राहतो. या भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत मराठी घरेही बरीच आहेत. माझी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. हे जेवण मी आमच्या इमारतीतील एका जपानी आजींकडून शिकलो. पाककृती त्यांनी पाच मिनिटांत सांगितली. त्यानंतर बराच वेळ त्या एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगत राहिल्या. मुले जेवायला बसण्यापूर्वी मोठ्यांचे सगळे काम संपलेले असले पाहिजे आणि मुले बसल्यानंतर मोठ्यांनी आपले हात आवरले पाहिजेत. तयारी मोठ्यांची आणि घास मुलांचा, ही ती वाटणी. पुढे जे काही लिहिले आहे ते याच वाटणीच्या आधाराने लिहिले आहे.

आधी प्रमाणाचा हिशोब सांगतो. जपानी भातकुकरसोबत मिळणारा मापाचा पेला 180 मिलिलिटरचा असतो. या मापाला ‘गो’ म्हणतात आणि एका गोमध्ये सुमारे 150 ग्रॅम तांदूळ बसतात. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांच्यासाठी तीन गो, म्हणजे साडेचारशे ग्रॅम तांदूळ घ्यावेत. त्यांचा साधारण एक किलो भात होतो. त्यातला थोडा उरतो, आणि तो उरावा अशीच योजना ठेवावी. त्याचे काय करायचे ते शेवटी येईलच.

या जेवणाचा सगळा भार भातावर असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. चांगल्या भाताची आपली परीक्षा मोकळेपणाची आहे. शीत शिताला लागू नये, ताटात भात फडफडीत दिसावा, असे आपल्याला शिकवलेले असते. सुशीच्या भाताची परीक्षा याच्या नेमकी उलट आहे. त्यातले प्रत्येक शीत अखंड दिसले पाहिजे आणि तरीही ते शेजारच्या शिताला धरून राहिले पाहिजे. गिचका भात मुलांच्या बोटांना चिकटतो आणि मोकळा भात गुंडाळीतून गळतो. दोन्ही वेळा मूल चिडते आणि दोष मात्र त्याच्या हाताला लागतो. म्हणून तांदूळ आखूड आणि गोल दाण्याचाच हवा. जपानमध्ये कोशिहिकारी हा वाण सर्वत्र मिळतो. 1956 साली त्याला हे नाव मिळाले आणि आजही सर्वाधिक पिकणाऱ्या वाणांत तो पुढे आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी बासमती किंवा कोलम यांचा विचारही करू नये. मावळातला इंद्रायणी घ्यावा. त्याचा स्वतःचा सुवास जपानी भातात नसतो, परंतु शिताला शीत धरण्याचा गुण त्याच्यात पुरेपूर आहे आणि लहान मुलांना तो सुवास आवडतोही.

तांदूळ धुण्याचे काम मुलांना द्यावे. पहिले पाणी घालताच एकदा हात फिरवून लगेच ओतून टाकावे, कारण कोरडा दाणा पहिले पाणी फार चटकन पितो आणि त्यात सुटलेला कोंड्याचा वासही त्यासोबत आत जातो. त्यानंतर बोटे पंजासारखी वाकवून तांदूळ हलकेच गोल फिरवावेत आणि असे दोन-तीन पाण्यांनी करावे. दाणा तुटेल इतके चोळू नये. पाणी काचेसारखे स्वच्छ होण्याची वाट पाहू नये. तळाचे दाणे दिसू लागले म्हणजे पुरे. नंतर उन्हाळ्यात अर्धा तास आणि थंडीत तासभर तांदूळ भिजत ठेवावेत. एरवीच्या भातापेक्षा सुशीच्या भाताला पाणी किंचित कमी लागते, कारण नंतर त्यात सिरक्याचे पाणी मुरणार असते. तांदळाइतकेच पाणी मोजून घ्यावे आणि घरात असल्यास बोटभर लांबीचा कोम्बूचा, म्हणजे जाड समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पट्टीचा, तुकडा वर ठेवून भात लावावा. इंद्रायणीला वाटीला सव्वा वाटी पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवावे आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण न उघडता वाफ जिरू द्यावी.

भात शिजेपर्यंत सिरका तयार करावा. तीन गो तांदळाला तांदळाचा सिरका चार मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे आणि मीठ एक लहान चमचा, हे प्रमाण मुलांच्या जिभेला सोसते. मोठ्यांसाठीच्या कृतींमध्ये तिन्ही पदार्थ याहून जास्त असतात. साखर विरघळण्यापुरते ते मंद आचेवर कोमट करावे, उकळू देऊ नये. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारा पांढरा सिरका अधिक झणझणीत असतो, म्हणून त्याचे तीन चमचे आणि पाण्याचा एक चमचा घ्यावा.

जपानी घरांत हा भात ‘हांगिरी’ नावाच्या पसरट लाकडी भांड्यात कालवतात. आमच्याकडे ती नाही. आईने दिलेली पितळी परातही येथे कामाची नाही, कारण सिरक्यासारख्या आंबट पदार्थाला पितळ चालत नाही. स्टीलची मोठी परात किंवा काचेचे पसरट भांडे घ्यावे, ते आतून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि गरम भात त्यात एकदम पालथा करावा. सिरका भातावर थेट ओतण्याऐवजी शामोजीवर, म्हणजे भात वाढण्याच्या चपट्या उलथन्यावर, धार धरून फिरवावा, म्हणजे तो सगळीकडे सारखा पडतो. नंतर उलथने उभे धरून भात कापल्यासारखा करावा आणि खालचा वर आणावा. गोल गोल ढवळल्यास त्याचा लगदा होतो.

याच वेळी मुलांच्या हाती पंखा द्यावा. जपानमध्ये उन्हाळ्याच्या जत्रांत कागदी पंखे मिळतात, त्यांना ‘उचिवा’ म्हणतात. घरात पुठ्ठा असला तरी चालतो. भातावर वारा घातल्याने वरचा ओलावा लवकर उडतो, सिरका शितात मुरतो आणि भाताला तुकतुकी येते. आमची मुलगी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वारा घालते आणि मध्येच थांबून खाली वाकून पाहते. मगाशी मंद दिसणारी शिते एकेक करून चमकू लागलेली तिला दिसतात आणि ती भावाला बोलावते. तो पुढे येतो, सिरक्याची वाफ नाकात जाताच दोन पावले मागे सरतो आणि पुन्हा पुढे येतो. ही पाच मिनिटे घाईने उरकू नयेत. ज्या भाताला आपण वारा घातला तो भात मूल खाऊन पाहते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

भात अंगाच्या उबेइतका निवला की त्यावर ओले फडके झाकून ठेवावे. तो शीतकपाटात कधीही ठेवू नये, कारण गारव्याने त्यातला पिष्टमय भाग घट्ट होतो आणि शिते कडक होतात. सिरका असला तरी तासन् तास बाहेर ठेवण्याचा हा पदार्थ नाही; जेवणाच्या वेळेचा अंदाज घेऊनच भात लावावा आणि दोन तासांच्या आत जेवण उरकावे.

आता नोरी. समुद्री शेवाळ कागदासारखे पातळ वाळवून आणि भाजून ही पाने करतात. पूर्ण पान 21 सेंटिमीटर लांब आणि 19 सेंटिमीटर रुंद असते आणि दहा पानांच्या गठ्ठ्याला एक ‘जो’ म्हणतात. मोठ्यांसाठी पानाचे चार भाग करावेत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्या चौकोनाचे पुन्हा दोन भाग करावेत, कारण मूल गुंडाळी तोंडात एकदम कोंबते आणि मोठे पान त्याला दातांनी तोडता येत नाही. कापण्यासाठी स्वयंपाकघरातली कोरडी कात्री पुरते. पानाची एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असते; चकचकीत बाजू बाहेर ठेवावी आणि भात खरखरीत बाजूवर घालावा. दमट हवेत पान मऊ पडते, तेव्हा मंद आचेपासून वीतभर उंचीवर ते क्षणभर फिरवून घ्यावे. भात लागल्यानंतर दोन-तीन मिनिटांतच त्याचा कुरकुरीतपणा जातो, आणि म्हणूनच गुंडाळी ताटावर बसून, खाण्याच्या क्षणीच करायची असते.

नोरीबद्दल एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी, आमच्याकडे ती दर वेळी मागितली जाते. नोरीची शेती जपानमध्ये शतकानुशतके होत होती, पण बीज येते कुठून हे शेतकऱ्यांना माहीत नव्हते, त्यामुळे एखाद्या वर्षी पीक यायचे आणि एखाद्या वर्षी पूर्ण बुडायचे. 1949 साली कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश शैवालशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले की या शेवाळाच्या आयुष्याचा एक टप्पा समुद्रातल्या शिंपल्यांच्या कवचात दडलेला असतो. त्या शोधामुळे बीज हाताने तयार करता येऊ लागले. त्या स्वतः कधी जपानला आल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातील उतो येथे समुद्रकाठी त्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी 14 एप्रिलला तेथे त्यांचे स्मरण केले जाते.

आत भरण्याचे पदार्थ निवडताना एक साधा नियम पाळावा. निदान दोन पदार्थ मुलांना आधीपासून आवडणारे असावेत आणि नवीन पदार्थ एकच असावा. आमच्या ताटावर बहुधा काकडीचे लांब काप, उकडलेले मक्याचे दाणे, अवोकाडो, डब्यातल्या ट्युना माशात मेयोनेझ कालवून केलेली ‘त्सुनामायो’, अंड्याची गुंडाळी आणि परतलेला खिमा असतो. आंबवलेल्या सोयाबीनचा तारदार नात्तो जपानी मुले लहानपणापासून खातात. आमच्या मुलाने तो बालवाडीत उचलला आणि आता तो घरी मागतो. काकडीच्या बिया काढून टाकाव्यात, नाहीतर पाणी सुटून नोरी भिजते. सर्व कापांची लांबी नोरीच्या तुकड्याएवढी ठेवली म्हणजे मुलांना ती आत बसवता येतात.

अंड्याची गुंडाळी, म्हणजे तामागोयाकी, चौकोनी तव्यावर करतात, पण गोल तवाही चालतो. चार अंडी, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि सोया सॉसचे काही थेंब एकत्र करावेत. फेस येईल इतके फेटू नये. तेलाचा हात फिरवलेल्या तव्यावर मिश्रणाचा पातळ थर घालावा, वरचा भाग अर्धवट आळला की तो एका कडेने गुंडाळत दुसऱ्या कडेला न्यावा, मोकळ्या जागेत पुन्हा थोडे तेल आणि पुन्हा थर घालावा, आणि त्या थरासह आधीची गुंडाळी परत गुंडाळावी. असे चार-पाच थर झाले की ती जाड होते. टोकियोच्या बाजूला ती गोड करतात, तर ओसाका आणि क्योतोकडे दाशी, म्हणजे शेवाळ-माशाचा पातळ अर्क, घालून मऊ आणि कमी गोड करतात. लहान मुलांसाठी मधला भाग कच्चा राहणार नाही याची खात्री करून मगच ती तव्यावरून उतरवावी आणि निवल्यावर बोटाएवढे लांब काप करावेत.

खिम्याला ‘सोबोरो’ म्हणतात. कोंबडीचा दोनशे ग्रॅम खिमा, सोया सॉस दीड मोठा चमचा, साखर एक मोठा चमचा, मिरिन एक मोठा चमचा आणि आल्याचा थोडा रस हे सगळे थंड असतानाच पातेल्यात एकत्र करून मग आच लावावी आणि चार चॉपस्टिक एकत्र मुठीत धरून सतत हलवत राहावे, म्हणजे गोळे न होता रवाळ खिमा होतो. मिरिन या गोड पाकात सुमारे 14 टक्के मद्यार्क असतो. तो उडून जावा म्हणून खिमा पूर्ण कोरडा होईपर्यंत शिजवावा, किंवा मिरिन वगळून साखर थोडी वाढवावी. शाकाहारी घरात टोफू फडक्यात घट्ट पिळून, कुस्करून, याच मसाल्यात परतावा. तो इतका चांगला लागतो की आमच्याकडे पाहुणे शाकाहारी नसले तरी मी तो करतो.

कच्च्या माशाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. जपानी आईवडीलही अगदी लहान मुलांना तो देत नाहीत. बहुतेक घरांत तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत तरी थांबतात. माझा सल्ला असा की मुलांच्या जेवणात तो ठेवूच नये. मोठ्यांना हवा असल्यास वेगळ्या बशीत, वेगळ्या चिमट्यासह आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. मुलांसाठी उकडलेली कोळंबी किंवा भाजलेला आणि काटे काढून मोकळा केलेला सामन मासा पुरेसा आहे.

घास अडकण्याचा धोका मासा कच्चा असण्याच्या धोक्यापेक्षा अधिक जवळचा आहे, हे मोठ्यांनी लक्षात ठेवावे. ओलसर नोरी टाळूला आणि घशाला चिकटते. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तिची गुंडाळी देऊ नये. द्यायचीच असेल तर नखाएवढे तुकडे करून ओलसर भातात मिसळून द्यावेत. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने 2021 साली पालकांना सूचना दिली की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक शेंगदाणे, बदाम, भाजलेले सोयाबीन यांसारखे पदार्थ खायला देऊ नयेत आणि लहान टोमॅटो व द्राक्षे चार भाग करूनच द्यावीत. दुसऱ्या घरची मुले येणार असतील तर कोणाला काय चालत नाही हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. अंडी, दूध, गहू, बकव्हीट (कुट्टू), भुईमूग, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड या घटकांची नोंद जपानमध्ये वेष्टनावर करणे सक्तीचे आहे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि नकली खेकड्याच्या कांड्यांत अंडे असू शकते, हे पटकन ध्यानात येत नाही.

सोबतीला मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे, सूप हवेच. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवून मंद आचेवर ठेवावा आणि उकळी फुटण्यापूर्वी काढून घ्यावा. मांसाहारी घरात नंतर कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, मूठभर घालून दोन मिनिटांनी गाळतात. शाकाहारी मंडळींनी त्याऐवजी वाळवलेले शिताके मशरूम रात्रभर भिजवून त्याचे पाणी वापरावे, आणि बाजारातली दाशीची तयार पूड घेताना तीत मासा असतो हे विसरू नये. कोम्बूच्या या अर्कातूनच टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ‘उमामी’ ही चव वेगळी ओळखली. मसाल्याशिवाय हे पाणी इतके भरीव का लागते, याचे उत्तर त्यात आहे.

टोफूचे बारीक चौकोन आणि मऊ शिजलेले गाजर किंवा भोपळा त्यात घालून गॅस बंद करावा आणि मगच मिसो विरघळवावा; मिसो उकळला की त्याचा सुवास उडतो. येथे एक युक्ती आहे, तिला जपानी आया ‘तोरिवाके’ म्हणतात, म्हणजे मोठ्यांच्या भांड्यातूनच मुलांचे आधी वेगळे काढणे. ठरवलेल्या मिसोपैकी अर्धाच आधी घालावा, मुलांच्या वाट्या भरून घ्याव्यात आणि मग उरलेला मिसो मोठ्यांसाठी घालावा. यामागे नेमका हिशोब आहे. जपानच्या 2020 सालच्या आहारमानकांत एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसात तीन ग्रॅमपेक्षा कमी आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाने साडेतीन ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे सांगितले होते. मोठ्यांच्या एका वाटी मिसो सूपमध्ये सव्वा ते दीड ग्रॅम आणि सोया सॉसच्या एका लहान चमच्यात जवळजवळ एक ग्रॅम मीठ असते. एका जेवणात दिवसाचा वाटा संपवायला वेळ लागत नाही.

मांडणीचा विचार मुलांच्या हाताच्या लांबीने करावा. आम्ही बुटक्या टेबलाभोवती जमिनीवर बसतो आणि खाली जुनी चादर पसरतो. प्रत्येक मुलापुढे स्वतःची बशी, ओला पिळलेला हातरुमाल म्हणजे ‘ओशिबोरी’, आणि भात घेण्यासाठी चमचा असावा. मोठ्या बशांतले पदार्थ लहान वाट्यांत दोन जागी विभागून ठेवले तर कोणाला टेबलावर आडवे व्हावे लागत नाही. पहिल्या वेळी मी सोया सॉसची वाटी मधोमध ठेवली होती. मुलाचा कोपर लागून ती नोरीच्या गठ्ठ्यावर उलटली आणि सगळी पाने वाया गेली. मला फार वाईट वाटले, कारण मूल रडले आणि चूक त्याची नव्हती. तेव्हापासून सॉस माझ्यापाशी असतो आणि मुलांच्या गुंडाळीवर मी मागणीप्रमाणे दोन थेंब घालतो.

सगळे बसले की हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचे. हे जेवण आम्ही नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव आहे. जेवणाआधी श्लोक म्हणण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना त्यात काहीच परके वाटत नाही. आमच्याकडे दोन्ही होते, आधी श्लोक आणि मग हे.

गुंडाळी करण्याची रीत मुलांना एकदाच, सावकाश, स्वतःची करून दाखवावी. पान तळहातावर तिरके ठेवायचे. त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर लहान लिंबाएवढा भात पसरायचा, दाबायचा नाही, आणि कडेला बोटभर जागा मोकळी सोडायची. भातावर एक किंवा दोन पदार्थ आडवे ठेवायचे. खालचा कोपरा वर आणून भातावर दुमडायचा आणि भेळेच्या कागदी शंकूसारखे गुंडाळत न्यायचे. शेवटचा कोपरा मोकळा राहत असेल तर एक शीत लावून चिकटवायचा. एवढे झाले की आपले हात मांडीवर ठेवावेत. तीन वर्षांच्या मुलाला शंकू जमत नाही; त्याने पान दुमडले तरी ती तेमाकीच आहे. माझ्या मुलाने पहिल्या वेळी भात घेतला नाही, पानात मक्याचे अकरा दाणे मोजून ठेवले, दोन्ही हातांनी मूठ मिटली आणि तोंड मुठीपाशी नेले. निम्मे दाणे चादरीवर पडले. मी पुढे होणार इतक्यात मुलीने त्याला स्वतःच्या बशीतला थोडा भात दिला आणि सांगितले की दाणे याला चिकटतात. ते त्याला पटले. मी सांगितले असते तर पटले असते असे मला वाटत नाही.

मुलाने तीच गुंडाळी पाच वेळा केली तर करू द्यावी. नवीन पदार्थ खाण्याचा आग्रह करू नये. आपण तो आपल्या पानात घालून खावा आणि वाटी त्याच्या हाताशी राहू द्यावी. आमच्या मुलीने अवोकाडो चौथ्या वेळी घेतला. लहान मुले वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक एका जागी बसत नाहीत, म्हणून सूप सुरुवातीलाच वाढावे, आणि मूल तोंडात घास असताना उठून पळू लागले तर तेवढे मात्र ठामपणे थांबवावे. दीड वर्षाच्या बाळासाठी सिरका घालण्यापूर्वीच थोडा साधा भात बाजूला काढून ठेवावा आणि त्याचे बोराएवढे गोळे करून, त्याच टेबलापाशी, त्याच वेळी द्यावेत.

येथील शाळांत मुले पांढरा अंगरखा आणि टोपी घालून पाळीपाळीने आपल्या वर्गाला दुपारचे जेवण वाढतात. 2005 साली जपानने आहारशिक्षणाचा, म्हणजे ‘शोकुइकु’चा, स्वतंत्र कायदाच केला. अन्न हाताळता येणे ही मुलांनी शिकण्याची गोष्ट आहे, असे येथे मानले जाते, आणि घरचे हे जेवण त्याच समजुतीतून आलेले मला दिसते. चॉपस्टिकचे नियम या जेवणात फारसे आड येत नाहीत. तरी दोन गोष्टी मुलांना लवकर सांगाव्यात: चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नये. दोन्हींचा संबंध अंत्यविधींशी आहे आणि एखाद्या जपानी घरी जेवताना ते पाहून यजमानांचे मन दुखावते.

जेवण संपल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणून उठावे. उरलेल्या भाताचे, प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात घेऊन, मुलांच्या मुठीएवढे गोळे करावेत. मोठ्यांच्या झोपायच्या आधीच्या भुकेला ते उपयोगी पडतात; सकाळपर्यंत ठेवायचे असतील तर गोठवून ठेवावेत आणि खाताना वाफेवर चांगले गरम करावेत. चादरीवर सांडलेली शिते मात्र लगेच पुसायला जाऊ नये, कारण ओले शीत पुसताना कापडात चेंगरून बसते. अर्धा तास थांबावे, शिते वाळू द्यावीत आणि मग चादर गॅलरीत नेऊन झटकावी.